हरदयाल मिस्त्रीची तारीख

माझ्या बायकोने आयुष्यात एकही इमारत बांधलेली नाही. शिक्षणाने ती आर्किटेक्ट, पण घराचा नकाशा काढून दे म्हणत आलेल्या नातेवाइकांना तिने चहा पाजून परत पाठवलं. चाळीस वर्षं तिचं काम एकच. दिल्लीतल्या ज्या इमारती कोणालाच सुंदर वाटत नाहीत त्यांचा इतिहास लिहायचा, आणि त्या पाडायला कोणी आलं की आडवं पडायचं. किल्ले, मकबरे, हवेल्या यांच्यासाठी रडणारे पुष्कळ आहेत. विनयाच्या वाट्याला आली ती स्वातंत्र्यानंतरची दिल्ली. काँक्रीटची, पावसाने काळी पडलेली, कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या झेललेली. कामगारांची उपाहारगृहं, मुलींची वसतिगृहं, बस डेपो, पाण्याच्या टाक्या.

मी अशोक दिघे, तिचा नवरा. तीस वर्षं एका सिमेंट कंपनीत विक्री अधिकारी होतो. पानिपतपासून फरीदाबादपर्यंतच्या शेकडो साइटवर माझे बूट चिखलात रुतलेत. नवरा सिमेंट विकतो आणि बायको ते वाचवते, असं आमचे मित्र गमतीने म्हणायचे. मला ही गंमत कित्येक वर्षं मुळीच आवडली नाही. आता आवडते. का, तेच सांगायला बसलोय.

विनया पुण्याची. १९८३ साली जुन्या वास्तूंच्या जतनाचा अभ्यासक्रम करायला दिल्लीत आली. वर्गातल्या सगळ्यांनी प्रबंधासाठी एकेक मकबरा वाटून घेतला. हिने कामगारांचं एक वसतिगृह निवडलं. तिच्या सरांनी विचारलं, "बेटा, ये तो अभी बीस साल की है. इसमें इतिहास कहाँ है?"

विनया म्हणाली, "सर, जब तक आपको दिखेगा, तब तक ये गिर चुकी होगी."

सरांनी गुण कापले. हे सगळं तिनेच मला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि गुण कापल्याचं अशा तोऱ्यात सांगितलं, जणू पदक मिळालं होतं. मी तिथेच गारद झालो. लग्नानंतर ती मला 'अरे अशोक' म्हणायची. माझ्या आईला ते शेवटपर्यंत रुचलं नाही, आणि विनयाने ते शेवटपर्यंत बदललं नाही.

तिची कामाची रीत ठरलेली होती. इमारतीपाशी गेली की आधी चौकीदाराला गाठायचं, मग झाडूवालीला, मग माळ्याला, आणि वेळ उरला तर साहेबाला. "साहेब तीन वर्षांनी बदलतो, चौकीदार बदलत नाही," असं तिचं म्हणणं. मग ती भिंतीवर तळवा फिरवत चालायची. ओलं काँक्रीट लाकडी फळ्यांच्या साच्यात ओततात, आणि फळ्या काढल्यावर त्यांच्या रेषा, गाठी, खिळ्यांची डोकी हे सगळं भिंतीवर उमटून राहतं. विनया त्या रेषांवर बोट ठेवून सांगायची, "यंत्रं नव्हती रे तेव्हा. बायकांनी घमेली वाहून हे वर नेलंय. हे सगळं डोक्यावरून गेलंय."

"माझ्याही डोक्यावरूनच जातंय," मी स्कूटरला किक मारत म्हणायचो.

चाळीस वर्षांत तिने सात इमारतींसाठी लढा दिला. पाच पडल्या. प्रत्येक पडलेल्या इमारतीचा एक तुकडा ती पोत्यात घालून घरी आणायची. मयूर विहारच्या आमच्या बाल्कनीत इतरांकडे असतात तशा कुंड्या आहेत, आणि कुंड्यांच्या मधे मलबा आहे. आमच्याकडे कामाला येणारी हेमलता दर दिवाळीला विचारते, "दीदी, ये मलबा इस बार उठवा दूँ?" आमची लेक अपूर्वा गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहते. तिने एकदा आईला सरळ विचारलं, "आई, यार, पाच हरलीस. थकत नाहीस का तू?"

"पाच पडल्या गं," विनया म्हणाली. "हरले कधी?"

या बाईने १९९८ साली एक पुस्तक लिहिलं. दिल्लीतल्या दोनशे अकरा आधुनिक इमारती, प्रत्येकीला एक पान: कोणी रेखाटली, कोणी बांधली, कधी पुरी झाली. दुसरं असं पुस्तक तेव्हा नव्हतं. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं ते घेऊन कोर्टात उभी राहतात, आणि न्यायाधीश ते मागवून घेतात. त्या पुस्तकाच्या पान १४२वर ओखल्याचं पंखा भवन आहे.

खरं नाव श्रमिक कल्याण भवन. ओखल्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेलं मोठं उपाहारगृह. लहानपणी आपण कागदाला घड्या घालून पंखा करतो, तसं त्याचं काँक्रीटचं छप्पर आहे. आत मधे एकही खांब नाही. पाचशे माणसं एका वेळी जेवायची, आणि कोणाच्याही ताटापुढे खांब यायचा नाही. माझ्या मते तरी दिल्लीत इतकं सुंदर छप्पर दुसरं नाही. हे मी म्हणतोय, सिमेंटवाला.

पान १४२वर लिहिलंय: 'पूर्ण झाल्याचं वर्ष १९६९.'

ते वर्ष कसं लिहिलं गेलं, हे मला पक्कं आठवतं. १९९६च्या मार्चमधला शनिवार होता, आणि दुपारी बंगलोरला भारत-पाकिस्तान सामना होता. मी स्कूटर सुरू ठेवून फाटकाशी उभा. विनयाला म्हातारा चौकीदार भेटायचा होता, आणि तो जेवायला गेला होता. "अर्ध्या तासात येईल, थांबूया," ती म्हणाली. मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, "अगं, उद्घाटनाच्या पाटीवर तारीख आहे ना ढळढळीत! अजून काय पाहिजे तुला? चल, नाणेफेक होऊन जाईल." तिने पाटीवरची तारीख उतरून घेतली. आम्ही घरी आलो. सामना आपण जिंकलो.

२०२४च्या दिवाळीनंतर पंखा भवनाच्या फाटकावर नोटीस लागली. जागा ज्या मंडळाच्या ताब्यात आहे, त्यांना ते पाडून तिथे बारा मजली व्यापारी संकुल उभारायचं होतं. विनयाने वारसा समितीकडे अर्ज केला. समितीचा दंडक असा, की साठ वर्षं पूर्ण झालेली इमारतच यादीत घ्यायची. डिसेंबरमध्ये पहिली सुनावणी झाली. मंडळाच्या वकिलाने एकही फाईल आणली नव्हती. त्याने फक्त एक पुस्तक आणलं होतं, विनयाचं. पान १४२ उघडून त्याने मोठ्याने वाचलं, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मैडम से बड़ा जानकार तो कोई है नहीं. मैडम ख़ुद कहती हैं, उनहत्तर. पचपन साल हुए." समितीने लेखी पुरावा आणायला एक महिना दिला. त्या वकिलाचं हसू मला आजही आठवतं, आणि आठवलं की हात शिवशिवतात.

मंडळाच्या कचेरीतली बांधकामाची फाईल गहाळ होती. विनया पुन्हा आपल्या रीतीवर आली. दहा दिवस ओखल्याच्या गल्ल्यांत हिंडून तिने त्या उपाहारगृहातली जुनी स्वयंपाकीण शोधून काढली. पार्वती तिचं नाव. गढवालची, ऐंशीला टेकलेली, आता नातवाकडे नोएडाला राहते. विनयाने जुना फोटो पुढे केला, तशी ती खिडक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "पैंसठ की लड़ाई में इन्हीं शीशों पर हमने काला काग़ज़ चिपकाया था. रात को बत्ती बाहर न दिखे, इसलिए. लेई मैंने ही बनाई थी."

पासष्टच्या लढाईत खिडक्यांना काळा कागद, तोही तिच्या हातच्या खळीने चिकटवलेला. म्हणजे तेव्हा ही इमारत उभी होती, तिच्यात चूल पेटत होती. मग एकोणसत्तरची पाटी कसली? हे कोडं पार्वतीनेच सोडवलं. मंत्र्यांना सवड होईना. इमारत सुरू झाली, लोक जेवायला लागले, आणि उद्घाटन मात्र चार वर्षांनी झालं, नवे मंत्री आले तेव्हा.

त्या संध्याकाळी विनया घरी आली आणि चप्पलही न काढता सोफ्यावर बसली. "पुस्तक चुकलंय," ती म्हणाली. "मी पाटीवर विश्वास ठेवला. दगडात कोरलेलं खोटं असू शकतं, हे मी मुलांना पहिल्या तासाला शिकवते, आणि मीच..."

मी ताटं मांडायला घेतली. नाणेफेक तिच्या लक्षात होती का, ते कळेना. विचारायची छाती झाली नाही.

"आणि पार्वतीबाईंची साक्ष चालणार नाही," ती म्हणाली. "म्हातारीची आठवण म्हणून उडवतील. काहीतरी लिहिलेलं पाहिजे. कागद तर नाही."

मी वरणभात कालवत सहज म्हणालो, "वर छतावर असेल की तारीख."

"कसली तारीख?"

"लेंटरची, म्हणजे स्लॅबची. छत ओतलं, की मिस्त्री ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख कोरतो. खालच्या फळ्या आणि टेकू कधी काढायचे ते मोजायला. मोठ्या छताला तीन आठवडे लागतात. आधी काढलं तर सगळं खाली. शिडीजवळच कोरतो, रोज पाणी घालायला चढला की दिसावी म्हणून."

विनयाने हातातला घास ताटात ठेवला. मग तिचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत तू हे मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी दिल्लीतल्या प्रत्येक चौकीदाराला विचारलं, अशोक!"

"मला वाटलं, सगळ्यांनाच ठाऊक असतं," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. साइटवर ती तारीख मी इतक्या वेळा पाहिली होती, की तिच्यात सांगण्यासारखं काही आहे हेच कधी मनात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. पण कळसा काही स्वतःहून बोलत नाही, हेही लक्षात घ्या.

अडचण एकच होती. छतावर साठ वर्षांची डांबराची पुटं होती. पण म्हणतात ना, अति घाई संकटात नेई. मंडळाच्या ठेकेदाराने परवानगीची वाट न बघता नोव्हेंबरमध्येच छतावरचं डांबर खरवडायला माणसं चढवली होती. समितीने काम थांबवलं, तोवर शिडीकडचा निम्मा भाग उघडा पडला होता. विनयाने पाहणीसाठी अर्ज केला, आणि मंडळाच्या इंजिनीअरसमोर एक तास मिळाला.

जानेवारीतली सकाळ, दहा वाजले तरी धुकं हटलेलं नव्हतं. माझे गुडघे अडुसष्ट वर्षांचे आणि ती लोखंडी शिडी साठ वर्षांची. आम्ही दोघेही कुरकुरत होतो. वर पोचल्यावर विनया सवयीने लांब, छपराच्या घड्यांकडे निघाली. मी मात्र शिडीपाशीच फतकल मारून बसलो. मिस्त्री काही फिरायला वर येत नाही. बाटलीतलं पाणी ओतलं, घासणीने घासलं, मग मफलरच्या टोकाने पुसलं. आधी एक काना दिसला. मग 'द'. मग सगळं.

हरदयाल मिस्त्री. कातिक सुदी ५, संवत २०२१.

कातिक सुदी ५ म्हणजे आपली कार्तिक शुद्ध पंचमी, आणि विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले, की १९६४चा नोव्हेंबर येतो. म्हणजे डिसेंबरमध्ये तो वकील गोड आवाजात पचपन म्हणत होता, तेव्हा हे छप्पर साठ वर्षं पूर्ण करून बसलेलं होतं.

विनया माझ्या शेजारी खाली बसली. तिने त्या अक्षरांवर तळवा ठेवला, आणि रडली. पाच इमारती पडल्या तेव्हा ती रडली नव्हती, म्हणून मी तो ओला मफलरच तिच्यापुढे केला. मंडळाचा तरुण इंजिनीअर दोन पावलं मागे उभा होता. त्याने मोजपट्टी लावून फोटो काढले, पंचनामा लिहिला, खाली सही केली. सही करताना म्हणाला, "मैडम, मेरे दादा भी मिस्त्री थे. ऐसे ही लिखते थे."

सुनावणीच्या आदल्या दिवशी राघव घरी आला. तिचा जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक आहे. पुस्तकाचा संदर्भ देऊन सध्या चार इमारतींचे खटले चालू आहेत, त्यातले दोन त्याचे. "मॅडम, पुस्तक चुकलं असं उद्या म्हणू नका, प्लीज," तो कळवळून म्हणाला. "म्हणा, उद्घाटन एकोणसत्तरचं, बांधकाम आधीचं, पुस्तकात उद्घाटनाचं वर्ष दिलंय. खोटंही नाही ते. एकदा तुम्ही चूक कबूल केली, की शहरातला प्रत्येक बिल्डर हेच वाक्य घेऊन उभा राहील. दोनशे अकरा इमारती उघड्या पडतील."

"पुस्तकात उद्घाटनाचं वर्ष असं लिहिलंय का?" विनयाने विचारलं.

"नाही. पण..."

"मग मी चुकले. चूक झाकून वाचवलेल्या इमारतीत मला पाय ठेववणार नाही, राघव."

तो गेल्यावर मीही तिला समजावून पाहिलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या पुस्तकाशिवाय तिच्याकडे दुसरं काय होतं? ना पद, ना पुरस्कार. चाळीस वर्षं त्या दोन पुठ्ठ्यांत होती, आणि उद्या ती स्वतःच्या हाताने त्यांना चूड लावणार होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरदयालने तारीख चुकवली असती तर काय झालं असतं?"

"छत कोसळलं असतं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सुनावणीत तिने आधी पंचनामा ठेवला. वकिलाने तो उलटसुलट पाहिला. या वेळी हसू नव्हतं, पण दात होते. "तो मैडम, आपकी किताब ग़लत है, या ये खरोंच?"

"किताब ग़लत है," विनया म्हणाली.

राघवने डोळे मिटून घेतले.

"ग़लती मेरी है," ती पुढे म्हणाली. "मैंने उद्घाटन के पत्थर पर भरोसा किया. और सुनिए. उस किताब में इकतीस इमारतें और हैं जिनकी तारीख़ मैंने ऐसे ही पत्थरों से ली है. सब दोबारा जाँचूँगी. लिख लीजिए."

"तो फिर हम आप पर भरोसा क्यों करें?"

"मत कीजिए. सीढ़ी चढ़िए."

समितीच्या अध्यक्षा वयाने विनयाएवढ्याच होत्या. त्यांनी चष्मा काढला. "मिसेज़ दिघे, आपको कैसे पता था कि तारीख़ वहाँ होगी?"

"मुझे नहीं पता था. मेरे पति ने बताया," विनया म्हणाली आणि मागच्या रांगेतल्या माझ्याकडे बोट दाखवलं. "इन्होंने तीस साल सीमेंट बेचा है. ये श्रेय इनका है."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी वाट बघत होतो, की आता ती सामन्याचं सांगेल. सांगायला हवं होतं. चौकीदार अर्ध्या तासात येणार होता, आणि घाई माझी होती. तिने सांगितलं नाही. शोध माझ्या नावावर आणि चूक तिच्या नावावर अशी वाटणी करून ती खाली बसली. मला त्या खुर्चीत बसवेना.

अध्यक्षा खरोखरच शिडी चढल्या. तीन आठवड्यांनी पंखा भवन यादीत आलं. मंडळ वरच्या कोर्टात गेलंय. जाऊ दे. आम्हीही जाऊ. बिल्डरांचे वकील ते वाक्य घेऊन उभे राहिलेतच, राघव म्हणाला होता तसं. पण विनया दर रविवारी एक छत तपासते, आणि ज्यांच्या तारखा पक्क्या झाल्या त्या इमारतींना आता कोणी हात लावू शकत नाही. शिडी मी धरतो. वर गेलो तर पाणी आणि घासणी माझ्याकडे असते.

पान १४२साठी तिने दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. डिंकाची बाटली घेऊन आम्ही ग्रंथालयांतून हिंडतो आणि जिथे पुस्तक सापडेल तिथे चिठ्ठी चिकटवतो. एका ग्रंथपालाने आम्हाला पुस्तक खराब करताना पकडलं. विनयाने त्याला बसवून अर्धा तास काँक्रीटबद्दल सांगितलं, तेव्हा त्याने सोडलं. चिठ्ठीवर एवढंच आहे: 'बांधकाम १९६४. पाटीवरची तारीख पडताळून न घेता लिहिली. चूक माझी. विनया दिघे.'

पहिली चिठ्ठी तिने घरच्या प्रतीत चिकटवली होती. ती स्वयंपाकघरात असताना मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'घाई माझी. नाणेफेक बघायची होती. अशोक दिघे.' पुस्तक होतं तिथे ठेवलं. संध्याकाळी तिने ते उघडलेलं मी पाहिलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, लक्षात नसावं तिच्या.

"अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली मी या ओळीची," ती म्हणाली, आणि उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पेनासकट माझ्यापुढे ठेवला. "आता सगळ्यांवर लिही."